पट्टीखालचं तात्पर्य

आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाखाली मुलांच्या पुस्तकांच्या दोन पत्र्याच्या पेट्या असतात. रविवारी सकाळी त्या बाहेर ओढायच्या, सतरंजी अंथरायची, पुस्तकं मांडायची आणि बारा वाजले की पुन्हा आत सारायच्या. एवढंच आमचं वाचनालय. परत आलेली पुस्तकं चाळून बघणं माझ्याकडे असतं. कुठे टाके सुटलेत, कुठे वरणाचा डाग पडलाय, कुठे वाघाला निळ्या पेनाने चष्मा लावलाय. मध्यंतरी चिऊ-काऊच्या गोष्टीचं एक पुस्तक परत आलं, त्याच्या शेवटच्या पानावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. फाटलेलं पान सांधायला घाईघाईने लावतात तसली ती नव्हती. फूटपट्टी धरून कापलेली, कडा सरळ, बरोबर शेवटच्या तीन ओळी आणि त्याखालची तात्पर्याची चौकट झाकली जाईल अशी. पुढच्या खेपेला तेच पुस्तक दुसऱ्या घरून आलं, तेव्हा पट्टीचा उजवा कोपरा नखाने खरवडलेला होता. वहीत नोंद असते. कुणी चिकटवली आणि कुणी खरवडली हे बघायला मिनिटभर पुरलं असतं. मी वही उघडली नाही. नाव कळलं असतं तर त्या माणसाशी बोलताना तेच डोळ्यांपुढे आलं असतं.

पट्टीखाली साधारण काय असणार हे सांगायला मराठी घरात वाढलेल्या कुणाला ती काढावी लागणार नाही. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं. तो चिऊच्या मेणाच्या घराशी येऊन दार वाजवतो. चिऊ आतून थांब म्हणते, बाळाचं काही ना काही उरकत राहते आणि शेवटी दार उघडते. पुढचं मात्र घराघरात वेगळं. कुठे काऊ ऊब घेऊन निमूट झोपतो, कुठे तो चिऊची अंडी फस्त करतो, आणि कुठे चिऊ त्याला शेकायला म्हणून तापलेल्या तव्यावर बसवते. या पुस्तकात तवा होता. (मेणाच्या घरात चूल पेटते, तवा लाल होतो आणि घराला काही होत नाही, याबद्दल आजवर एकाही पालकाने माझ्याकडे तक्रार केलेली नाही.) तव्याखालच्या चौकटीत, आळशी माणसाची अशीच फजिती होते, अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं होतं.

मी ते पुस्तक सतरंजीवर उघडंच ठेवलं, आणि पुढचे दोन-तीन रविवार मला पुस्तकांपेक्षा आयाबापांचंच जास्त ऐकायला मिळालं. एक आई म्हणाली, पट्टी लावली तेच बरं केलं, भिजत आलेल्याला चटके देणारी चिमणी मला माझ्या मुलीपुढे नकोच. तिच्या शेजारी बसलेली, दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या मावशींच्या भरवशावर ऑफिसला जाणारी दुसरी आई लगेच म्हणाली, अहो, घरात एकटं असताना कुणीही बेल वाजवली तर दार उघडायचं नाही, हे मला याच गोष्टीवरून शिकवता आलं. तव्याचं तिला काही वाटत नव्हतं, तिला दार महत्त्वाचं. एक बाबा एरवी मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. ते म्हणाले, दर पावसाळ्यात गरिबाचंच घर वाहून जायचं आणि वर त्यालाच आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय? शेणाचं घर बांधायला कष्ट पडत नाहीत का? यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या नाल्याकाठी वस्ती आहे आणि जुलैत तिथे पाणी भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

नातवाला घेऊन आलेल्या एक आजी मात्र हसायला लागल्या. म्हणाल्या, आम्ही ही गोष्ट भात भरवायला सांगायचो. मुलाच्या ताटात जेवढे घास उरलेत तेवढी चिऊची कामं. भात संपत आला की दार उघडायचं. मुलगा चांगला जेवत असला तर चिऊला अजून दोन कामं लावायची. बाळाला टोपरं घालायचं, बाळाची दृष्ट काढायची. काऊचं पुढे काय झालं? कोण जाणे, तोवर तोंड धुवायची वेळ झालेली असायची.

आजींचं ऐकून मला बरंच सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या गोष्टीला शेवटाची गरज नव्हती, कारण ताटाला तळ होता. गोष्ट तोंडी होती तोवर सांगणारी तिला रोज नव्याने शिवत होती. मूल घाबरट असेल तर तवा निवायचा, आगाऊ असेल तर तापायचा. छापल्यावर तवा कायमचा तापला. मग एका घरातल्या मुलाच्या मापाने केलेला शेवट दुसऱ्या घरी टोचणार, आणि कुणीतरी कात्री नि डिंक घेऊन बसणार.

ही पट्टी काही आपलाच शोध नव्हे. अमेरिकेत मॉरिस सेंडॅक या चित्रकाराचं एक पुस्तक १९७० साली निघालं. रात्री झोपेत एक मुलगा अंथरुणातून निसटून भटारखान्यात जाऊन पडतो, असं स्वप्नासारखं पुस्तक. पडता पडता त्याचे कपडे निघून जातात आणि काही पानांवर तो नागडा आहे. तिथल्या काही ग्रंथपालांनी पांढरा रंग घेऊन त्या चित्रातल्या मुलाला लंगोट रंगवला. आपल्याकडे तीन वर्षांचं पोर अंगणात तसंच हुंदडतं आणि त्याच्या गळ्यात तेवढी ताईताची पेटी असते, त्यामुळे आपल्याला हसू येतं. पण ब्रश हातात घेतलेल्या त्या ग्रंथपालांचं मी मनात चित्र काढून पाहतो तेव्हा ती माणसं मला दुष्ट दिसत नाहीत. चेहऱ्यावर काळजी दिसते. फूटपट्टी धरून कागद कापणाऱ्या माझ्या शेजाऱ्याच्या किंवा शेजारणीच्या चेहऱ्यावर असेल तशीच.

याच सेंडॅकचं त्याआधीचं, १९६३ सालचं, राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होणाऱ्या मुलाचं पुस्तक आमच्या पेटीत आहे. घरात दंगा केला म्हणून आई मुलाला न जेवता खोलीत पाठवते, खोलीत जंगल उगवतं, तो बोटीत बसून निघतो आणि परत येतो तेव्हा जेवण वाट बघत असतं, तेही अजून गरम. ब्रूनो बेटलहाइम हे त्या काळचे बालमानसशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांनी १९६९ साली एका महिला मासिकातल्या सदरात या पुस्तकावर टीका केली. आईने मुलाला उपाशी ठेवणं हे मुलाच्या दृष्टीने केवढं भयंकर, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की पुस्तक त्यांनी स्वतः पाहिलंच नव्हतं, आयांनी सांगितलं त्यावरून ते बोलत होते. आणि याच बेटलहाइमांनी पुढे १९७६ साली, परीकथांमधली भीती आणि क्रौर्य मुलांना आतून सावरतं, असं सांगणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. माझा त्यांच्यावर राग नाही. आमच्या सतरंजीवर हेच पुस्तक चाळून एका बाईंनी, बेटलहाइमांचं नावही न ऐकता, तेच म्हटलं होतं, फक्त जास्त चांगल्या मराठीत: "दोन धपाटे घालावेत हवं तर, पण पोराला उपाशी झोपवायचं?" धपाट्यांवर मग दुसऱ्या आईने आक्षेप घेतला, आणि तिथून विषय राक्षसांकडे परत आलाच नाही.

मला वाटतं, पुस्तकातल्या संदेशावर वाद घालणं त्यातल्या त्यात सोयीचं असतं. नवराबायकोंना एकमेकांच्या वाढण्याबद्दल, एकमेकांच्या आईवडिलांबद्दल जे समोरासमोर बोलता येत नाही, ते पुस्तकातल्या झाडाबद्दल आणि माशाबद्दल बोलता येतं. शेल सिल्व्हरस्टाइनचं झाडाचं पुस्तक घ्या, १९६४ सालचं. हिरवं मुखपृष्ठ, आत काळ्या रेघांची मोजकी चित्रं. झाड मुलाला सावली देतं, फळं देतं, मग फांद्या, मग खोड, आणि शेवटी म्हाताऱ्या झालेल्या त्या मुलाला बसायला बुंधा. एका संपादकाने हे हस्तलिखित परत केलं होतं, मुलांना फार उदास वाटेल आणि मोठ्यांना फार सोपं, म्हणून. मोठ्यांना सोपं वाटण्याबद्दलचा त्याचा अंदाज साफ चुकला. आमच्याकडे येणाऱ्या एका जोडप्यापैकी नवऱ्याला हे पुस्तक इतकं आवडतं की मुलाला वाचून दाखवताना त्याचा आवाज भरून येतो. लहानपणी आई गेलेली आहे त्याची. बायको ते घरात ठेवायला तयार नाही. ती मला म्हणाली, "हे झाड नाही हो, या आमच्या सासूबाईंच्या सासूबाई. सगळं देऊन टाकलं, सगळ्यांनी घेतलं, आणि आता सगळे म्हणतात किती समाधानी होत्या." दोघं बोलत होते एकाच बाईबद्दल, त्याच्या आजीबद्दल. त्याने तिला मांडीवरून पाहिलेलं होतं, हिने तिच्याबद्दल स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी ऐकलेलं. सिल्व्हरस्टाइनने स्वतः यावर फारसं भाष्य केलं नाही. एक देतो आणि दुसरा घेतो अशा दोघांच्या नात्याची ही गोष्ट, एवढ्यावर तो थांबला. ते पुस्तक आता त्यांच्याकडून आमच्या पेटीत आलंय. नवरा अधूनमधून ते घरी घेऊन जातो आणि वहीत मुलाचं नाव लिहितो.

माझ्या लहानपणी हे वाद नव्हते असं नाही, पण ते पुस्तक विकत घेण्यापर्यंतच असत. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी गुळगुळीत कागदाची पुस्तकं प्रदर्शनात कवडीमोलाने मिळायची. लाल बावट्याचं नाव काढलं की ज्यांचा पारा चढे असे आमचे एक काका तीच पुस्तकं पिशवी भरून आणत, कारण चित्रं झकास आणि बांधणी पक्की. आतल्या बर्फाचा, अस्वलांचा आणि टोपीवाल्या आजोबांचा आमच्या डोक्यावर काय परिणाम होईल याचा विचार कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि शेजारच्या कॉम्रेडांच्या घरी पुराणातल्या गोष्टींच्या चित्रकथांचे गठ्ठे असत. स्वस्त पुस्तक हे तेव्हा आपोआप चांगलं पुस्तक असे. आता एक चित्रपुस्तक घ्यायचं तर दोनतीनशे रुपये सहज जातात, तेव्हा माणूस उलटून पालटून बघणारच.

संदेश या गोष्टीचा माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र एका बैलाचा आहे. मन्रो लीफने लिहिलेलं आणि रॉबर्ट लॉसनने चित्रं काढलेलं फर्डिनांडचं पुस्तक अमेरिकेत १९३६ साली निघालं. स्पेनमधला हा थोराड बैल झुंजायचं नाव काढत नाही, बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेत राहतो. (लॉसनने त्या झाडाला बाटलीची बुचं घडाघडांनी लटकलेली दाखवली आहेत.) मधमाशी डसल्यामुळे तो उधळतो, लोकांना वाटतं काय हा जोर, आणि त्याला माद्रिदला झुंजीच्या रिंगणात नेतात. तिथेही तो प्रेक्षकांतल्या बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसतो. शेवटी हताश होऊन त्याला घरी आणून सोडतात. पुस्तक निघालं आणि त्याच सुमाराला स्पेनमध्ये यादवी पेटलेली होती. झालं. कुणी म्हणालं हा शांततावाद, कुणी म्हणालं हा साम्यवादी प्रचार, कुणाला त्यात फॅसिझम दिसला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली. जर्मनीतल्या नाझींनाही ते खपलं नाही. एवढं सगळं एका बसलेल्या बैलाने केलं, तेही न उठता.

हे पुस्तक आमच्याकडे आलं तेव्हा साताऱ्याकडून आलेले एक आजोबा नातीला घेऊन बसले होते. नातीने चित्रांवर बोट ठेवत त्यांना गोष्ट सांगितली. तिच्या बाबांना हे पुस्तक फार प्रिय. ज्याला जे आवडतं ते त्याला करू द्यावं, हा त्यांचा धडा. ते स्वतः इंजिनीअरिंग सोडून छायाचित्रकार झालेत आणि ते प्रकरण आजोबांना अजून पचलेलं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मी जरा सावरून बसलो. आजोबांनी चष्मा वर केला, चित्र निरखलं आणि म्हणाले, "हा बैल नव्हे गं बाळ. हा वळू आहे. बैल असता तर फुलं हुंगायला सवड कुठली त्याला?" मग वळू म्हणजे काय, बैल कसा होतो, हे सांगायच्या उंबरठ्यावर येऊन ते थबकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि सफाईने बैलांच्या सणाकडे, बेंदराकडे वळले. आदल्या दिवशी खांदेमळणी. जू बसून बसून खांद्याला घट्टे पडलेले असतात, तिथे हळद आणि लोणी चोळायचं. चोळताना बैल मान खाली घालून उभा राहतो, डोळे अर्धे मिटतो. हे सांगताना आजोबांचा हात नातीच्या खांद्यावर फिरत होता. पुस्तकातला वळू आणि त्यांचा बैल यांचं भांडण लावायला कुणीतरी हवं होतं, पण नातीचे बाबा तेव्हा खाली गाडी लावत होते.

सगळ्यात कठीण पुस्तकं कुठली, तर ज्यांत पालकांना काहीच सापडत नाही. माधुरी पुरंदरे यांची यशची किंवा राधाची पुस्तकं मी हौसेने पुढे करतो. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच चित्रं काढलेली. घर, शेजार, शाळा, हात मोडणं, मामाच्या गावाला जाणं. त्या चित्रांमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे असतात, जिन्यात चपला असतात, मोठी माणसं थकलेली असतात आणि मुलं कधी शहाणी, कधी हट्टी. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला, हे सांगितल्यावर पालक मान डोलावतात. मग पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळतात आणि विचारतात, "छान आहे, पण यात मॉरल काय?" मी म्हणतो, काही नाही, एक मुलगा आहे आणि त्याचा दिवस आहे. यावर काहींच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते, मी पुस्तकं विकत बसलो असतो तर, मला परवडलं नसतं. डब्यात नुसता भात दिल्यासारखं वाटतं त्यांना. माझं मत विचाराल तर मुलाला सगळ्यात जास्त शिकवणारी पुस्तकं हीच. पण काय शिकवतात ते मला चौकटीत बसवता येत नाही, म्हणून मी गप्प बसतो, आणि ते निमूटपणे कोल्हा-करकोच्याचं पुस्तक उचलतात.

आणि तरी, संदेशावर भांडणाऱ्यांना मला वेड्यात काढवत नाही. जो बाप शेवटची ओळ वाचताना अडखळतो, तो निदान ती ओळ वाचत असतो. आमच्याकडे एक पाच वर्षांची मुलगी येते. इंद्रधनुषी खवल्यांच्या माशाचं, मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकाराचं १९९२ सालचं पुस्तक तिच्या घरी आहे. तो देखणा मासा एकेक चकचकीत खवला वाटून टाकतो आणि मग त्याला मित्र मिळतात. आई वाचते तेव्हा तो वाटून टाकतो आणि सुखी होतो. बाबांना, स्वतःचं अंग सोलून मैत्री विकत घ्यायची, हे पटत नाही. ते वाचतात तेव्हा मासा दोन खवले देतो आणि बाकीच्यांना म्हणतो, बसा ना नुसतेच माझ्याजवळ. पुस्तक तेच, पानं तेवढीच. या मुलीने मला एकदा शांतपणे समजावलं की शाळेत भांडण झालं असेल त्या दिवशी आईकडून वाचून घ्यायचं आणि खाऊचा डबा कुणी पळवला असेल त्या दिवशी बाबांकडून. आईबाबांना वाटतं, ती कुणाचं खरं मानते हे एक दिवस कळेल. तिने तसला प्रश्नच स्वतःला घातलेला दिसत नाही.

पावसात वाहून जाणारं घर आणि आळशीपणा यांवर बोललेले ते मोबाइलवाले बाबा गेल्या महिन्यात वैतागून म्हणाले, एकही पुस्तक धड नाही, आता मीच लिहितो. मी त्यांना हाइनरिश हॉफमनची गोष्ट सांगितली. फ्रँकफुर्टचा हा डॉक्टर १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रपुस्तक शोधत बाजारात हिंडला. सगळी पुस्तकं उपदेशाने बुजबुजलेली वाटली, म्हणून कोरी वही घेऊन घरी आला आणि स्वतः लिहायला, चित्रं काढायला बसला. पुढच्याच वर्षी ते छापलं गेलं आणि जगभर गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी भल्या मोठ्या कात्रीने कापतो, काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून जाते आणि सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. बाबा म्हणाले, मी असलं काही करणार नाही. माझी गोष्ट कुत्र्याची आहे.

आणि खरोखरच त्यांनी वही आणली. सोसायटीतलं भटकं कुत्रं, पाऊस, लिफ्ट, वॉचमनकाका. आठ पानं झपाट्याने झाली. वॉचमनला काठी दाखवायची नाही हे बायकोने ठरवलं, कारण वॉचमनकाकांची मुलगी दर रविवारी आपल्या सतरंजीवर बसते. ते त्यांनाही पटलं. नवव्या पानावर कुत्रं लिफ्टच्या उघड्या दारात उभं आहे आणि तिथे गाडी अडली. बायको म्हणते, त्याला आत घ्या. हे म्हणतात, घेतलं तर आपली पोरगी उद्यापासून रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं वर आणेल, आणि कमिटीची नोटीस मला येईल. नाही घेतलं तर तिला काय शिकवलं? परवा वही घेऊन माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, तुमच्या मुलीला विचारा की. ते म्हणाले, विचारलं ना. ती म्हणते, कुत्र्याला कितव्या मजल्यावर जायचंय, ते तर तुम्ही लिहिलंच नाही.